दाजींच्या होडीला बाकाची फळी

अर्जदार: मुरलीधर गणपत, वय पन्नाशीच्या अलीकडे, शिक्षण नववीचे पुस्तक संपेपर्यंत, धंदा अर्जलेखन, बसण्याची जागा पुणे शहरातील कचेऱ्यांच्या बाहेर, चिंचेखाली. विरुद्ध पक्ष क्रमांक एक: शंकरराव, अर्जदाराचे दाजी, धंदा मासेमारी, राहणार खडकवासल्याच्या धरणाकाठी. क्रमांक दोन: सौ. सुलोचना, अर्जदाराची थोरली बहीण. धाकट्या भावाने नावानिशी उल्लेख केल्याबद्दल क्षमा असावी, यापुढे तिचा उल्लेख आक्का असाच होईल. साक्षीदार: मारुती, दाजींचा शेजारी आणि त्याच पाण्यावरचा मासेमार. दुसरा साक्षीदार: वैशाखातला पश्चिमेचा वारा, याला समन्स लागत नाही, चारच्या सुमारास आपण होऊन हजर होतो. घटनेचा काळ: कोर्टाची उन्हाळी सुट्टी. साल कागदाच्या आधाराशिवाय सांगण्याची मला सवय नाही. सबब एवढेच नमूद करतो की तेव्हा शहरात सायकली पुष्कळ होत्या आणि मी टाइपरायटरवर नव्हे, टाकाने लिहीत होतो.

वर नमूद केलेली सर्व मंडळी आज खुशाल आहेत. तेव्हा हे काय प्रकरण आहे, असे वाचक विचारतील. प्रकरण असे काही नाही. परंतु उभे आयुष्य एकाच साच्यात लिहीत गेल्यावर माणसाची आठवणदेखील त्याच साच्यातून बाहेर पडते, तिला मी तरी काय करणार?

आज कोर्टाला सुट्टी लागली. सकाळी काळ्या कोटांची वर्दळ होती, दुपारी आवार एकदम रिकामे झाले. चहावाल्याने निम्मे पेले उपडे घातले. चिंचेची वाळकी पाने टेबलावर पडत राहिली आणि मी ती झाडण्याचे कष्ट घेतले नाहीत, कारण कुणी येणारच नव्हते. उन्हाने डांबर मऊ झाले होते. मग चारच्या सुमारास, दिवसभर भट्टीसारख्या तापलेल्या या शहरात, पश्चिमेकडून तो आला. आधी गुलमोहर हलला, मग समोरच्या कचेरीच्या खिडक्या आपटल्या, मग माझ्या टेबलावरचे कोरे कागद दगडाखालून फडफडू लागले. पुणेकर या वाऱ्याला गार वाऱ्याची झुळूक म्हणतात आणि गच्चीवर चटया टाकतात. मला मात्र तो अंगाला लागला की पाण्याचा वास येतो, आणि त्या पाठोपाठ हापूसचा, आणि त्या पाठोपाठ ताज्या कापलेल्या सागवानाचा. हे तीन वास एकत्र येण्याचे वरकरणी काही कारण नाही. खरे कारण पुढे निवेदन करतो.

आम्ही मूळचे नदीकाठचे भोई. वडिलांनी पाणी सोडून मार्केट यार्डात हमाली धरली आणि मला शाळेत घातले. आक्काला मात्र त्यांनी पाण्याकडेच परत पाठवले. धरणाकाठचे स्थळ आले, मुलगा उंच होता, त्याची स्वतःची होडी होती. होडी म्हणजे दाजींच्या वडिलांनी आंब्याच्या फळ्यांची केलेली, बुटकी, चपट्या बुडाची, दोन माणसे आणि एक जाळे यापलीकडे तिसरे काही न मावणारी. त्या दोन माणसांत एक दाजी आणि दुसरी आक्का. तिकडची पद्धतच तशी आहे: बायकोने वल्हवायचे, नवऱ्याने जाळे सोडायचे. बाई मागे बसते, दोन आखूड वल्ही चालवते, पुरुष पुढे उभा राहून जाळ्याचा एकेक हात पाण्यात देतो. ती थांबली की तो थांबतो, ती वळली की जाळे वळते. शहरात नवराबायकोच्या भांडणाचे अर्ज मी पुष्कळ लिहिले. ते लिहिताना अनेकदा मनात आले की या दोघांना एका होडीत बसवावे, निकाल लवकर लागेल.

घटनेच्या त्या वर्षी चैत्र संपता संपता एका संध्याकाळी वारा नेहमीपेक्षा आधी उठला. जाळे निम्मे पाण्यात होते. धरणाचे पाणी बाहेरून शांत दिसते, पण पश्चिमेचा वारा दरीतून थेट त्याच्यावर उतरला की आखूड, उभ्या, चिडक्या लाटा उठतात. पहिली लाट पुढच्या काठावरून आत आली, दुसरी तिच्या पाठोपाठ. होडी जड झाली, काठ पाण्याला टेकला. आक्का डब्याने पाणी उपसत होती आणि दाजी पुढे जाळ्याची दोरी दोन्ही हातांनी धरून उभे होते. शेवटी होडी भरली. दोघेही पोहणारे, होडी ढकलत काठाला आले. जाळे वाचले. कुणाला खरचटलेही नाही. घरी येऊन आक्काने भाकरी केली, वाढली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती होडीकडे गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

दाजी तिला काही बोलले नाहीत. मारुतीला बरोबर घेऊन पाहिले. पण मारुतीचा हात आणि दाजींचा हात जुळेना, आणि मारुतीचे स्वतःचे जाळे तिकडे पडून राही. हळूहळू होडी काठावर उपडी झाली. घरात चूल पेटत होती, बोलणे होत होते, भाजी आणा, पाणी भरा, सगळे यथास्थित. फक्त पाण्याचा विषय निघाला की दोघेही गप्प. ही हकीकत सुट्टी लागल्यावर माझ्या कानी आली, आणि शिकलेला माणूस म्हणून या घरात मलाच लक्ष घालावे लागणार हे उघड होते. मी स्वारगेटहून बस धरली.

धरणाच्या भिंतीखालून बस वर चढली की हवा बदलते. करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असत. पाणी आटून खाली गेलेले, आणि काठचा चिखल सुकून त्याला भेगा पडलेल्या, त्या भेगांवरून चालताना पायाखाली पापडासारखा आवाज येई. आक्काचे घर चढावर होते, अंगणातून पाणी दिसे. ती कालवणासाठी लसूण सोलत होती. मी सविस्तर विचारपूस केली. तिने सांगितले, होडी बुटकी आहे, पाणी आत येते, आपल्याला आता त्या होडीत बसायचे नाही. एवढेच.

मी हे दाजींना कळवले आणि उपायही सुचवला: काठावर उभ्या फळ्या लावाव्यात, म्हणजे लाट आत येणार नाही. दाजी जाळ्याचा फाटका भाग सांधत होते. त्यांनी मान वर केली.

"होडीला कठडा? तिला काय पाळणा करायचा हाय का, वकीलसाहेब?"

ते मला वकीलसाहेब म्हणत. मी कधी हरकत घेतली नाही.

खरी अडचण निराळी होती. दाजींच्या घरात अशी रीत की होडी एकदा पाण्यात उतरली की तिला पुन्हा खिळा मारायचा नाही. डांबर लावायचे, फटीत कापूस भरायचा, दोरीने बांधायचे, परंतु लोखंड नाही. पाण्यात गेलेली होडी ही लेक सासरी दिल्यासारखी, तिच्या अंगावर पुन्हा हत्यार उचलायचे नसते, असे त्यांच्या वडिलांचे सांगणे. त्या होडीचे सगळे खिळे वडिलांच्या हातचे होते आणि त्यात दाजींनी स्वतःचा एकही घातला नव्हता. रिवाजाला कायद्यातही मान असतो, हे मी जाणतो. म्हणून मी मधला मार्ग काढला.

हंगाम आंब्यांचा होता. आमच्या वडिलांच्या ओळखीने मार्केट यार्डात रिकाम्या पेट्या मिळत. मी त्यांचा एक भारा बसच्या टपावर टाकून आणला. पेट्या सोडवून फळ्या काढल्या, त्यांच्यात अजून गवताच्या काड्या आणि हापूसचा वास अडकलेला होता; आक्काचे अंगण दोन दिवस आमराईसारखे दरवळत राहिले. आम्ही त्या फळ्या काथ्याच्या दोरीने होडीच्या काठाला सबंध गोल बांधल्या, सरळ उभ्या, हातभर उंच. एकीवर देवगड आणि एकीवर काळजीपूर्वक हाताळा, अशी निळी अक्षरे होती. होडी मला फार शोभिवंत दिसली. आक्का उंबऱ्यात उभी राहून पाहत होती.

दाजी आणि मारुती वारा उठल्यावर निघाले. मी काठावर. पहिल्या लाटा फळ्यांवर आपटल्या आणि आत आल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण वल्ह्याचा दांडा दर खेपेला फळीला अडू लागला, मारुतीची बोटे सोलली. दाजींनी जाळे सोडायला घेतले तर ते काथ्याच्या गाठींत अडकले. त्यांनी ओढले. ओले झाल्याने दोऱ्या ढिल्या पडलेल्याच होत्या; जाळ्याबरोबर एक फळी गेली, मग तिच्या शेजारची, आणि मग सबंध बाजूच पाण्यात उतरली. मारुती होडीतूनच ओरडून विचारू लागला, "आरं शंकर, आंबं पाण्यात पिकायला सोडल्यात व्हय?" काठावरचे लोक हसले. दाजीही हसले, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच हसले होते. पण आक्का हसली नाही. ती घरात गेली.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या धंद्यात एक गोष्ट मला लवकर कळली होती: माणूस टेबलाशी बसून जी तक्रार सांगतो ती खरी नसते. खरी तक्रार तो उठून जाताना, विसरलेली छत्री घ्यायला परत येतो तेव्हा सांगतो. आक्का जेवणाची भांडी उचलून आत गेली आणि पदराला हात पुसत परत आली.

"मुरली, मी पाण्याला भीत नाही रे," ती म्हणाली. "होडीत पाणी भरत होतं तेव्हा यांचे दोन्ही हात जाळ्याच्या दोरीवर होते. मागं वळून एकदा बघितलंसुद्धा नाही. मी उपसतेय का बुडतेय."

ऐकणे हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे आणि तो निम्मा मी चोख करतो. खाली पाण्यावर उरलेला उजेड हलत होता, कुठेतरी टिटवी ओरडत होती. मला वाटले, फळ्या आता कितीही उंच लावल्या तरी ही लाट त्यांच्यावरून आत येणार.

तरी फळ्यांचा नाद मी सोडला नाही. उभी फळी चुकीची होती, हे मला दुसऱ्या दिवशी शहरात परतल्यावर, माझ्याच टेबलाशी कळले. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर खड्ड्यात पाणी साचते आणि बसचे चाक त्यातून गेले की ते पाणी थेट अर्जांवर. म्हणून मी रस्त्याच्या बाजूला एक पाटी टेकवून ठेवत असे. सरळ उभी ठेवली की पाणी तिच्यावर चढून माथ्यावरून आत उडी मारी; रस्त्याच्या बाजूला कलती ठेवली की चढलेले पाणी उलटून परत रस्त्यावर पडे. वर्षानुवर्षे मी ती कलती ठेवत आलो आणि मला कधी त्याचा विचार करावा लागला नव्हता. होडीलाही हेच लागू होते. फळी बाहेर कलती हवी, आणि सगळीकडे नकोच. जिथे लाट फुटते त्या पुढच्या दोन्ही खांद्यांवर पुरे. मागे आक्काची वल्ही मोकळी राहतील.

फळी मात्र जाड हवी होती. माझ्या चिंचेखाली एक बाक होते, जुन्या सागवानाचे, अर्जदारांना बसण्यासाठी. त्याच्यावर किती माणसे येऊन बसली असतील. हद्दीच्या भांडणातले भाऊ, पेन्शन अडकलेले मास्तर, नळाचे कनेक्शन तुटलेल्या बायका. त्यांच्या बसण्याने ते लाकूड आरशासारखे गुळगुळीत झाले होते. सुट्टीत त्याच्यावर फक्त चिंचेची पाने बसत होती. मी बाक उचलले, चहावाल्याने दुसरे टोक धरले, आणि स्वारगेटला कंडक्टरशी रीतसर वाद घालून ते बसवर चढवले. सुट्टीनंतर महिनाभर माझी गिऱ्हाइके उकिडवी बसली. त्यांच्या तक्रारी थोडक्यात आटोपल्या, हा एक फायदाच झाला.

दाजींनी बाक पाहिले, फळीवरून तळहात फिरवला. "चांगलं लाकूड हाय," म्हणाले, आणि करवत काढली. आम्ही दोघेच होतो. मी एक टोक धरून होतो आणि भुसा माझ्या पायांवर पडत होता, पिवळा, उबदार, तेलकट वासाचा. अर्ध्या कापात मी म्हणालो, "दाजी, तिची तक्रार होडीवर नाही. तुम्ही जाळं धरलंत आणि तिच्याकडं बघितलं नाहीत, ती आहे."

करवत थांबली. मला वाटले आता माझे इथले येणे बंद. दाजींनी पात्यावरचा भुसा फुंकला.

"ते जाळं तिनं विणलेलं हाय," ते म्हणाले. "हिवाळाभर बसून. डोळ्यातनं पाणी काढत कंदिलाशी. दुसऱ्या कुणाचं असतं तर गेलं असतं तळाला."

"मग हे तिला सांगा की."

"सांगायचं काय त्यात? तिला ठावं हाय कुणी विणलं ते."

करवत पुन्हा सुरू झाली. इथे सांगण्यासारखे पुष्कळ मुद्दे मला सुचले होते, परंतु करवतीच्या आवाजात युक्तिवाद करता येत नाही.

फळ्या तयार झाल्या. दाजींनी त्या काठाला लावून पाहिल्या, माझ्या सांगण्याप्रमाणे बाहेर कलत्या केल्या, आणि मी काथ्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. घरात गेले, आणि हातोडा व मूठभर खिळे घेऊन आले. होडी उपडी नव्हती आता, सरळ होती, आणि ते तिच्यासमोर थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग गुडघे टेकून बसले आणि वडिलांच्या हातच्या खिळ्यांच्या ओळीशेजारी स्वतःचा पहिला खिळा मारला.

तो आवाज त्या पाण्यावर दूरवर जातो. मारुती आपले काम टाकून आला आणि एक अक्षरही चेष्टेचे बोलला नाही. आक्का अंगणात धान्य पाखडत होती. सुपाचा आवाज बंद झाला. ती चढावरून खाली आली, आमच्या मागे येऊन उभी राहिली. दाजींनी मान वर केली नाही. दुसऱ्या बाजूचे खिळे मारून झाले तेव्हा तिने विचारले, "अहो, खिळा मारलात?"

"मारला," दाजी म्हणाले. "नीट बसला का बघ."

ती वाकली आणि प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावरून बोट फिरवत गेली, पुढच्या टोकापासून जिथे फळी संपते आणि तिची बसण्याची जागा सुरू होते तिथपर्यंत. मग घरात गेली, हळदकुंकू घेऊन आली, खिळ्यांना लावले. आणि पदर खोचून होडीत मागे बसली.

वारा उठायला अवकाश होता, पण ते थांबले नाहीत. मी काठावरच्या दगडावर चढलो. होडी आत गेली, लहान झाली. मग पश्चिमेच्या डोंगरावरून तो उतरला, पाण्यावर आधी काळसर सावलीसारखा, मग लाटांनिशी. पहिली लाट पुढच्या खांद्यावर फुटली. पाणी फळीवर चढले, माथ्यावर पांढरे झाले, आणि उलटून बाहेर पडले. दुसऱ्या लाटेचेही तसेच. उन्हात ते पाणी दोन्ही बाजूंनी पंखासारखे उघडत होते. ज्या फळीवर सबंध शहराच्या तक्रारी बसून गेल्या त्या फळीचे असे काही होईल, हे मला कुणी सांगितले असते तर मी त्याच्याकडून पुरावा मागितला असता.

आणि मग मी पाहिले की दाजी जाळे सोडत नव्हते. ते मागे वळले होते, आक्काकडे तोंड करून, भर लाटांत, वाऱ्याकडे पाठ देऊन उभे होते. त्यांचे हात हलत होते. ते काहीतरी सांगत होते. दाजींना मी एका दमात एवढे बोलताना कधी पाहिले नव्हते. आक्काची वल्ही पाण्याबाहेर थांबलेली. होडी थोडी फिरली, आक्काने एका वल्ह्याने तिचे तोंड पुन्हा वाऱ्याकडे करून दिले, आणि तिनेही काही म्हटले, थोडकेच. दाजी मान मागे टाकून हसले. मग ते पुढे वळले आणि जाळ्याचा पहिला हात पाण्यात गेला.

होडी परत आली तेव्हा आक्काच्या लुगड्याचा काठ कोरडा होता. त्या रात्री मरळीचे कालवण झाले. मी पोटभर जेवलो.

पुढच्या वैशाखापर्यंत मारुतीच्या होडीला फळ्या लागल्या, मग आणखी दोघातिघांच्या. त्या पाण्यावर आज बाहेर कलती फळी नसलेली होडी दिसायची नाही, आणि तिचा कल कुठून आला हे तिथे मी नेहमी सांगतो. ते दोघे अजून त्याच होडीत बसतात. आक्काचे केस पांढरे झाले, दाजींना उभे राहताना काठ धरावा लागतो, आणि तो काठ म्हणजे आमची सागवानी फळी आहे. आताही, मी हे लिहीत असताना, वारा टेबलावर आहे, म्हणजे तिकडे ती वल्ही उचलत असेल.

सबब, विरुद्ध पक्ष क्रमांक एक व दोन यांस विनंती की, त्या संध्याकाळी भर पाण्यात आपसात जे बोलणे झाले, ते अर्जदारास काठावरून लाटांच्या आवाजात ऐकू आले नाही. त्याबाबत अर्जदाराने वेळोवेळी तोंडी विचारणा केली असता क्रमांक एक यांनी विषय बदलला आणि क्रमांक दोन यांनी कालवण वाढले. अर्जदाराने आजवर शेकडो लोकांच्या मनातले कागदावर उतरवले आहे, आणि हे एकच बोलणे त्याच्या हातून राहून गेले आहे. तरी ते काय होते, हे या वैशाखात, आपल्या सवडीने, कृपया कळवावे. आपण न कळवण्याचेच ठरवले असल्यास तसे तरी उत्तर द्यावे, म्हणजे अर्जदार येऊन जेवून जाईल आणि प्रकरण मिटले असे समजेल.